लाभ, दोन, तीन

सावद्याला स्टेशनामागे ट्रक भरतो
तेव्हा रमजान तडवी घड मोजतो मोठ्यानं:
लाभ, दोन, तीन, चार.
एक म्हणत नाही.
माझा अ‍ॅरेही एकपासून मोजत नाही,
त्याचा पहिला घड शून्याच्या खणात बसतो.
रमजानला हे सांगितलं तर हसला,
शून्य कसं? पहिला तर खांद्यावर आहे माझ्या.

रात्री कूलरपुढे मी तोच ट्रक पुन्हा भरते.
सहाशेचाळीस घड, एक यादी,
यादीच्या नावामागे अ‍ॅटचं वेटोळं:
म्हणजे ती ट्रकची स्वतःची,
ट्रक आहे तोवरची.
रंग दिलेत, पाचटाच्या थरांना सावल्या दिल्यात,
हॉर्न तर खऱ्या ट्रकचाच, मोबाईलवर धरून आणलेला.
आणि गाडी रावेर रस्त्याला लागताच
अडखळते.
दोन हात पुढे, मग थांबते, मग
एकदम चार हात.

दीडला पप्पा उठले माठातलं पाणी प्यायला.
काय करू राह्यली गं अजून?
दाखवलं. लूप दर घडामागे ट्रककडे जातो,
विचारतो, तुझी यादी कुठाय?
ट्रक उघडतो, देतो, मिटतो.
पुढचा घड, पुन्हा तेच.
सेकंदात साठ चित्रं,
म्हणजे अडतीस हजार चारशे वेळा
एकाच दारावर टकटक.

पप्पा तेवीस वर्षं काट्यावर आहेत.
पेला उपडा घालून म्हणाले,
आपला मुकादम दर घडाला हापिसात जातो का वही बघायला?
चिठ्ठी खिशात घालून निघतो ना एकदाच?

लूपच्या वर एक ओळ लिहिली.
यादी = @घड
वेटोळं नसलेलं नाव, खिशातलं.
कंस मिटला की मरणारं.
ट्रक असा सुटला
की पहिल्याच वळणावर मी तो केळीत घातला.

मग दिल्ली आली. माल उतरला.
मी त्याच खिशातल्या नावावर लिहिलं:
यादी = []
रिकामी.
आणि ट्रक परतला भरलेला,
सहाशेचाळीसच्या सहाशेचाळीस,
एक फणी कमी नाही.
तीनपर्यंत शिव्या दिल्या. कोणाला, माहीत नाही.
कूलरमधलं पाणी संपलं, पंखा नुसती धूळ फेकू लागला.

चिठ्ठी फाडली होती मी.
चिठ्ठी फाडून घड थोडेच उतरतात!
पण त्याच चिठ्ठीवरून जर म्हटलं असतं,
चौथा घड काढ,
तर ट्रकमधलाच निघाला असता तो,
खराखुरा, दांड्यासकट.
नाव माझं, उसनं, घटकाभराचं,
आणि त्या नावानं चालवलेली विळी मात्र
त्याच्या मालावर चालते.
हे मला आवडलं की भीती वाटली
ते अजून ठरत नाहीये.

यादी.क्लिअर लिहिलं. ट्रक रिकामा झाला.
इतका रिकामा की हॉर्नचा आवाजही पोकळ वाटला.

सकाळी रमजानला लॅपटॉप दाखवला.
त्याचा सदरा चिकानं काळा, जुने डाग, नवे डाग,
घामाचे पट्टे मात्र कालचे कुठेच नाहीत.
घाम धुतला की जातो, म्हणाला, केळीचा चीक
सदरा फाटेतो सदऱ्याचा.
मी काही विचारलं नव्हतं.
त्याच्यासाठी सगळ्यात वर लिहिलं होतं:
लाभ = ० 
आणि खाली, जिथे पहिला घड उचलला जातो,
यादी[लाभ]
वाचलं त्यानं, बोट ठेवून, काचेवर चीक उमटवत.
खूश झाला.
मग म्हणाला, दुसऱ्याला दोनच म्हणते ना?

मी स्क्रीन जरा खाली केली.
ट्रकवाला हॉर्न मारत होता.